शून्य वर्षांचं बाळ

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. बारा वर्षं घर सांभाळून ती पुन्हा नोकरीवर आली होती, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर, आणि दाराजवळच्या डुगडुगणाऱ्या खुर्चीवर. मुदत संपायला चार दिवस उरले असताना हॉस्पिटलचं दुखणं तिच्या गळ्यात पडलं. या ऑफिसने बनवलेल्या प्रोग्रॅमवरून तिथल्या लॅबमधून निघालेले काही रिपोर्ट वॉर्डात पोचतच नव्हते. पडद्यावर एकच पालुपद: इंटरनेट तपासा. दोष हॉस्पिटलच्या इंटरनेटचा, असं म्हणून ऑफिसच्या मालकांनी कधीच हात झटकले होते. तिकडे बाळांच्या वॉर्डातली नर्स कागद घेऊन तीन जिने वरखाली करून मेटाकुटीला आली होती.

मावशीने लॅब आणि वॉर्ड, दोन्हीकडच्या कॉम्प्युटरचं बोलणं टिपलं. सगळं कुलूपबंद, एका अक्षराचा अर्थ लागेना. पण कुलूप लावणारा आपलाच प्रोग्रॅम, मग त्याच्याकडे किल्ली मागायला लाज कसली? चाचणीच्या कॉम्प्युटरवर तिने त्याला किल्ल्या एका फाइलीत लिहायला लावल्या आणि खोट्या पेशंटांचे रिपोर्ट पाठवले. म्हातारे गेले, तरुण गेले, कालच जन्मलेलं बाळ मात्र अडलं. किल्ली लावून उत्तर उघडलं, तर पलीकडचा, वॉर्डाच्या बाजूचा कॉम्प्युटर स्वच्छ सांगत होता: वय दिलेलं नाही. वय शून्य वर्षं दिसलं की आपला प्रोग्रॅम रकाना रिकामा समजून वगळत होता, आणि कुठलीही तक्रार आली की बिचाऱ्या इंटरनेटचं नाव पुढे करत होता.

हा भाग मालकांनी स्वतः लिहिला होता. चार दिवस तोंड मिटून बसलं तर नोकरी पक्की होईल, असं मावशीचं मन सांगत होतं. पण नर्सचे ते जिने काही डोळ्यांसमोरून हलेनात. ती उठली आणि केबिनमध्ये गेली.

"सर, इंटरनेट ठीक आहे. चूक आपली आहे," ती म्हणाली. "म्हणजे, तुमची."

मालकांचे कान लाल झाले. तिच्या टेबलाशी येऊन त्यांनी पडद्यावरचं उत्तर दोनदा वाचलं, मग चूक सुधारली. मावशीने किल्ल्यांची फाइल आठवणीने पुसून टाकली.

संध्याकाळी नर्सचा फोन आला. पहिला रिपोर्ट वर पोचला होता, अजून नावही न ठेवलेल्या बाळाचा. मावशीला एकदम भरून आलं. फोन ठेवून वळते तो काय, मालक केबिनमधली आपली खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी येत होते.

"ही आता तुमची, कायमची," ते म्हणाले. "ती डुगडुगणारी काही दिवस मी वापरतो."