जपानी गाणी वाटणाऱ्या कुमुदताई

ओळख झाल्याबरोबर कुमुदताई समोरच्या बाईला दहापर्यंत मोजायला लावायच्या. गाव, वय, नोकरी, काही विचारायच्या नाहीत. इथं आखातात, रिग्गई भागातल्या त्या हॉलच्या कोपऱ्यात त्यांनी मलाही तसंच उभं केलं. "मोठ्यानं मोज. शाळेत मोजायचीस तशी." मी सुरुवात केली आणि सातवर माझा आवाज खाली बसला. पुढचे तीन आकडे कसेबसे उरकले. "सातवर दमतेस," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. आठवडाभर बँकेतल्या संगणकांशी झुंजून तिथं आले होते. मी दमते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो आमच्या मराठी मंडळाचा मेळावा होता, पस्तिशी ओलांडलेल्या एकट्यांची लग्नं जमावीत म्हणून भरणारा. कुणाचं लग्न राहून गेलेलं, कुणाचं मोडलेलं, कुणी मागे उरलेलं. दर दोन महिन्यांनी शुक्रवारी, जेवणं झाल्यावर, कुलकर्ण्यांच्या हॉलमध्ये जमायचं. पुरुषांनी पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं आणि बायकांनी कराओकेवर एक गाणं म्हणायचं, अशी पद्धत कुणीतरी पाडली होती. बायका बोलायला लाजतात, असं त्याचं कारण सांगत. "ह्यांनी हुद्दा सांगायचा आणि आपण गायचं," कुमुदताई म्हणायच्या. "चालू दे. पण काय गायचं ते मी ठरवणार."

त्यांनी ठरवायला घेतलं त्याला कारण घडलं होतं. सुरुवातीला बायका हिंदी गाणी म्हणत. एका नर्सनं विरहाचं गाणं म्हटलं, तर पुढचे दोन महिने 'ती अजून पहिल्यातच अडकलीय' अशी चर्चा. दुसरीनं जरा उडतं गाणं घेतलं, तर ती फारच घाईला आलेली ठरली. त्यानंतर कुणी माइक हातात घेईना. तेव्हा कुमुदताईंनी आपलं जपानी गाण्यांचं कराओके यंत्र आणलं. मायदेशी परतणाऱ्या एका जपानी कुटुंबानं ते त्यांच्याकडे सोडलं होतं. "हिंदीत गायलं की लोक शब्द ऐकतात आणि बाईकडे बघतात. जपानीत गायलं की नुसता आवाज ऐकतात. बिचाऱ्यांना दुसरं काही करताच येत नाही."

त्या मूळच्या पुण्याच्या. तिथंच तरुणपणी जपानी शिकल्या, काही वर्षं कोबेला राहिल्या आणि मग एका जपानी कंपनीच्या दुभाषी म्हणून इथं, शुऐब्याच्या कारखान्यांत आल्या. दिवसभर हेल्मेट घालून पाइपांमधून हिंडायचं आणि इंजिनिअरांची भांडणं एका भाषेतून दुसरीत सौम्य करून पोचवायची, हे त्यांचं काम. लग्न का केलं नाहीत असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "दर वेळी सामान फार होतं गं."

गाणं निवडण्याचे त्यांचे नियम पक्के होते. आवाज जिथं फाटतो त्याच्या दोन सूर खालीच थांबणारं गाणं हवं. चार मिनिटांच्या पुढचं नको, पुरुष सामोसे शोधायला लागतात. नव्या बाईला हसरं गाणं अजिबात नको. "दमलेल्या आवाजाला दमलेलंच गाणं द्यावं. उसना उत्साह माइकमध्ये लगेच कळतो." प्रत्येकीचं गाणं त्या वहीत देवनागरीत लिहून द्यायच्या. जपानी अक्षरं देवनागरीत किती छान बसतात याचं त्यांना फार कौतुक. अर्थ मात्र सांगायच्या नाहीत. "अर्थ कळला की तुम्ही चेहरे करायला लागता. सूर धरा, बाकी माझ्यावर सोडा."

मला त्यांनी एक संथ गाणं दिलं. कशाबद्दल आहे विचारलं तर म्हणाल्या, "बंदराबद्दल." इतर बायकांची गाणी वर्षा-सहा महिन्यांनी बदलली, काहींची लग्नंही झाली. माझं बदललं नाही. चार वर्षं मी तेच म्हणत राहिले आणि दर वेळी ठाण्याहून भावाचा फोन येत राहिला, "काय, जमलं का काही?" जमलं नाही हे सांगायचासुद्धा मला कंटाळा येऊ लागला होता.

मग सावंतांनी विचारलं. सावंत रुमैथियात राहायचे, एका प्रयोगशाळेत काम करायचे. मालवणकडचे, बायको जाऊन पाच वर्षं झालेली. भला माणूस, इतरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा. माझा आवाज आवडतो, असं त्यांनी कुलकर्णीवहिनींकरवी कळवलं आणि पुढच्या मेळाव्यापर्यंत उत्तर मागितलं. मी मनातून होकार ठरवूनच टाकला होता. त्यात प्रेम नव्हतं, नावडही नव्हती. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरला नव्हता.

त्याच सुमाराला शुऐब्याचं काम संपलं आणि कुमुदताईंचा अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द होणार असं ठरलं. एवढ्या वर्षांचा मुक्काम महिन्याभरात आवरायचा होता. मी सामान बांधायला गेले आणि बोलता बोलता सावंतांचं सांगितलं. त्या खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या, त्या थांबल्या. वही काढून माझं पान उघडलं आणि पहिल्यांदाच अर्थ वाचून दाखवला. बंदरावर खानावळ चालवणारी एक बाई संध्याकाळी दार लावते आहे. म्हणते, बोटींची वाट बघून झाली. उद्या कुणी आलं तर येवो. एकटीपुरता भात शिजलाय आणि तो मला पुरतो.

मला भयंकर राग आला. "चार वर्षं हे माझ्याकडून म्हणवून घेतलंत? लग्न ठरवायला आलेल्या लोकांसमोर?"

"तू सातवर दमलीस तेव्हाच मला वाटलं, या मुलीला नवरा नकोय, विसावा हवाय. घरच्यांना ते सांगता येत नव्हतं तुला. म्हटलं, इथं तरी तोंडून निघू दे."

"आणि तुमचं चुकलं असेल तर?"

त्यांनी चिकटपट्टी खाली ठेवली. "चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "आवाजावरून माणूस कळतं असं मला वाटतं, पण मी फसलेही आहे. तुला विचारायला हवं होतं." मग त्यांनी पान उलटलं. मागच्या बाजूला दुसरं गाणं लिहून ठेवलेलं होतं. त्यातली बाई घरी येते, उंबऱ्याशी दुसऱ्या कुणाच्या चपला बघते आणि तिला घर भरल्यासारखं वाटतं. "सावंतांना हो म्हणायचं असेल तर हे म्हण. चांगलं आहे हेही. तुझ्या आवाजाला बसेल."

आठ दिवस मी दोन्ही गाणी घोकली. भांडी घासताना एक, गाडी चालवताना दुसरं. चपलांचं गाणं म्हणताना वाईट वाटत नव्हतं, पण मी कुणाची तरी नक्कल करतेय असं वाटत होतं. बंदराचं म्हणताना खांदे आपोआप खाली यायचे.

मेळाव्यात कुमुदताई नेहमीसारख्या यंत्राशी बसल्या होत्या. त्यांच्या त्या शेवटच्या शुक्रवारी मी माइक घेतला तेव्हा त्यांनी फक्त भुवया उचलल्या. "बंदराचं," मी म्हटलं. ते गाणं मी पहिल्यांदाच अर्थासकट म्हटलं आणि मला चेहरा करावा लागला नाही.

सावंत चहाचा कप घेऊन आले. "आज तेच गाणं वेगळं म्हटलंत. काय आहे त्यात?" मी त्यांना सगळा अर्थ सांगितला, भातासकट. त्यांनी कप खाली ठेवला.

"पुरतो का खरंच?"

"पुरतो," मी म्हटलं.

"मला नाही पुरत," ते म्हणाले, "म्हणून तर येतो इथं." त्यात राग नव्हता. उलट "मला साधं उत्तर दिलंत, बरं झालं," असं म्हणून ते खुर्च्या उचलू लागले. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी जितकी माया वाटली तितकी आधी कधी वाटली नव्हती. तरी उत्तर तेच होतं. भावाला मी दुसऱ्या दिवशी फोन करून तेच सांगितलं आणि त्यानं पुन्हा विचारल्यावरही बदललं नाही.

कुमुदताईंना विमानतळावर सोडायला मी एकटीच होते. वही त्यांनी माझ्या हातात दिली. मी तिथंच उभ्या उभ्या चाळली. सगळ्या बायकांची पानं होती, लग्न होऊन गेलेल्यांचीसुद्धा. त्यांचं स्वतःचं नव्हतं.

"ताई, तुम्ही कधी मोजलंत?"

"काय?"

"दहापर्यंत."

त्या हसल्या. आजूबाजूला माणसं ट्रॉल्या ढकलत होती. त्यांनी पर्स खांद्यावर नीट केली, शाळेतल्या मुलीसारखे हात बाजूला घेतले आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. चारवर त्यांचा आवाज खाली बसला आणि त्या थांबल्या. माझा हात एकदा घट्ट दाबला आणि बॅग ओढत आत गेल्या.