पायरीवरचा तांब्या

मी एकदा परक्याच्या घरात शिरून, पाय धुऊन, पोटभर जेवले, आणि ते घर आपलं नाही हे मला ताट रिकामं झाल्यावर कळलं. असा मूर्खपणा करायला नुसती अक्कल कमी असून भागत नाही, आपण फार हुशार आहोत अशी खात्रीही लागते. मी तेव्हा मॅट्रिक पास, भर शहरात इतवारीत वाढलेली पोर, नवीकोरी सून. खात्रीची कमतरता नव्हती.

माझी नात मनीषनगरात राहते. मेट्रो आली आणि तिकडच्या फ्लॅटचे भाव वाढले, हे ती मला मोठं नवल म्हणून सांगते. अगं, आमचं अख्खं लेआउट एका गाडीच्या शेपटीला बांधून आलं होतं! शहराबाहेर ज्वारीची शेतं होती आणि त्यांतून छोटी लाईन, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, जायची. रेल्वेने तिथे एक थांबा दिला. थांबा म्हणजे काय, एक फलाट आणि एक कडुनिंब. पण शेतमालकाने लगेच शेताचे प्लॉट पाडले. इतवारीतल्या पेढ्यांवरचे मुनीम, कचेरीतले कारकून यांनी ते घेतले. सकाळी छोट्या गाडीने शहरात, संध्याकाळी परत. ठेकेदार एकच, त्याच्याकडे नकाशा एकच, रंगही एकच. लाईनीकडे तोंड करून सगळी घरं एका रांगेत उभी, सारखी ओटी, सारखी पायरी, सारखा हिरवा दरवाजा.

माझ्या माहेरच्या गल्लीत दोन घरं सारखी दिसली असती तर मालकांची भांडणं झाली असती. इथे मी लग्नानंतर पहिले काही दिवस दारं मोजत फिरायचे. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "मोजू नको वं, तांब्या पाह्य."

लेआउटची ती रीतच होती. ज्या घरचं माणूस गाडीने यायचं असेल, त्या घराच्या पायरीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा. आलेल्याने पाय धुवायचे आणि तांब्या घेऊन आत जायचं. फलाटावरून पाहिलं की कोणाकडे कोण येणार ते कळे. त्यात एक गोष्ट मला कोणी सांगितली नाही. सगळ्यांना ती इतकी ठाऊक होती की सांगायची असते हेच कोणाला सुचलं नाही.

मे महिना होता. मी माहेरी गेले होते आणि संध्याकाळच्या गाडीने परतणार होते. पण एकटीने प्रवास करून सगळ्यांना चकित करावं म्हणून दुपारच्याच गाडीत बसले. थांब्यावर मी एकटी उतरले. गाडी गेली, आणि मग आवाज म्हणून काही उरलंच नाही. ऊन पांढरं झालं होतं. रांगेतली सगळी दारं लोटलेली. कडुनिंबावर कावळासुद्धा नव्हता. आणि एका, फक्त एका पायरीवर तांब्या चकाकत होता.

वाटलं, बघा, सासूबाईंना आपोआप कळलं! उन्हात ठेवलेलं ते पाणी तापायला हवं होतं. पायावर घेतलं तर विहिरीतून आत्ताच शेंदल्यासारखं थंड.

खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या. बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर डोळ्यांपुढे नुसता काळोख. कोपऱ्यातून म्हातारा आवाज आला, "आली का वं?"

मी म्हटलं, "आले."

नव्या सुनेला सासरच्या सगळ्या म्हाताऱ्या कुठे ठाऊक असतात? गावाकडची कोणी आली असेल, असं मी धरून चालले.

"बस. ताट झाकून ठेवलं आहे."

ताटात चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, होती. भर दुपारी, घरात चुलीचा धूर नाही, आणि भाकर गरम. मला भूक लागली होती. भूक लागली की मी शंका घेत नसे, आजही घेत नाही. मी जेवत असताना ती माझ्या मागे येऊन बसली. तिने माझी वेणी सोडली आणि केसांत बोटं फिरवू लागली.

"केस काहून इतके राठ झाले वं? तिकडं तेल देत नव्हते का तुले?"

मी हसून म्हटलं, "माझे असेच आहेत."

बोटं थांबली. मग हळूच पुन्हा फिरू लागली. ताट रिकामं झालं तोवर डोळ्यांना अंधार सरावला. आमचा माठ दारामागे होता, हा खिडकीखाली. आमच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या, इथे भिंत कोरी. दोरीवर एक चोळी वाळत होती, तिच्या बाहीवर धुळीचा जाड थर. दार मी लोटलं होतं, ते आता अर्धं उघडं होतं.

मी उठले आणि पळाले. चपला तिथेच, केस मोकळे, पाय भाजत होते. आमचं घर तिथून तिसरं. सासूबाईंनी दार उघडलं आणि मला पाहून अशी किंकाळी फोडली की मीच घाबरून आणखी एक फोडली.

"भर दुपारी केस सोडून काहून धावून राहिली वं? मले वाटलं, तीच आली!"

ती म्हणजे त्या म्हातारीची लेक. छोट्या गाडीने सासरी गेली ती पहिल्या बाळंतपणात तिकडेच गेली. निरोप आला, पण मायने काही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. म्हणून ती रोज दुपारच्या गाडीला तांब्या ठेवी आणि ताट झाके. लेआउटमधलं कोणीही त्या तांब्याला शिवत नसे. कुत्रीसुद्धा नाही, असं सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पायरीवर तांब्या नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. बायका ओट्यांवर येऊन पाहू लागल्या. म्हातारीने सगळ्यांना सांगितलं, लेक येऊन जेवून गेली. आणि मी गाढवीण, मनातून फुगले! एवढ्या वर्षांचं वाट पाहणं मी एका जेवणात संपवलं. सासूबाईंना मात्र ते पटेना. "तिले खरं सांग. मेलेल्याच्या जागी जेवून गप राहू नये."

मग मी गेले, तेही दुपारीच. चपला आणायचं निमित्त होतं. म्हातारी दारातच बसली होती. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पांढरा पडदा, पण तोंड बरोबर माझ्याकडे. माझ्या चपला तिने धुऊन आत, माठाजवळ, घरच्या माणसाच्या ठेवाव्यात तशा ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, "आजी, त्या दिवशी आले ती तुमची लेक नव्हती. मी तिसऱ्या घरची नवी सून. माझं चुकलं."

तिने माझा हात चाचपून धरला. मी सोडवून पाहिला, सुटला नाही. ती अगदी मायेने म्हणाली:

"माहीत आहे वं मले. तू जेवून राहिली होती ना, तवा ती दार उघडून उभी होती. तुले पाहून म्हणे, माय, माही जागा भरली, आता मी येत नाही. म्हणून पोरी, आता रोज तुलेच यावं लागन."