समाजसेवेची शिक्षा

चोरीची केस म्हटल्यावर तुम्हाला फोडलेली तिजोरी, हिरे आणि सुसाट पळणारी काळी गाडी दिसली असेल. सॉरी बरं का. आमच्या केसमध्ये एक गॅस सिलिंडर होता. तोपण रिकामा.

मी सोलापूर कोर्टात ज्युनियर वकील. क्लायंट कुंभारीचा मल्लिनाथ, टेम्पो चालवायचा. शिळ्या भज्यांवरून कँटीनवाल्या अक्काशी भांडला आणि रागात तिचा बाहेर ठेवलेला सिलिंडर टेम्पोत टाकून घेऊन गेला. अक्कानं पोलिसात दिलं. सिलिंडर परत मिळाला, केस मात्र कोर्टात आली.

नवीन कायदा मी पाठच केलेला. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा, वस्तू परत, तर जेल नाही. समाजसेवा. म्हणजे कुठंतरी झाडू मारा वगैरे. आमच्या सीनियर मॅडमसारखा चष्मा नाकावर ओढून, त्यांच्याच आवाजात मी मल्लूला सांगितलं, "जज्जसाहेबांनी विचारलं की म्हणायचं, गुन्हा कबूल. विषय संपला."

"समाजसेवा? मंग मी समाजसेवक की वो! सात रस्त्याच्या चौकात डिजिटल बोर्ड लावू का?"

"लाव की. खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो टाक."

तारखेला, आमचा पुकारा व्हायच्या आधी, मल्लू खऱ्या मॅडमना म्हणाला, "कबूल म्हणून लवकर सुटतो मॅडम. स्कूलबसवर ड्रायव्हर म्हणून घेणार हायत. पोलिसांचा दाखला काढायचाय."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "कबुली द्यायला तू सांगितलंस?"

"व्हय मॅडम. जेल न्हाय की."

"आणि दाखल्यावर काय येईल? चोरीत दोषी!"

कबूल म्हटलं की माणूस दोषी. नुसता झाडू मारला तरी नोंद राहते. एवढं मी पाठ केलं नव्हतं.

मॅडमनी पुढची तारीख मागून घेतली. अशा चोरीत तडजोड चालते. ज्याची वस्तू गेली तो मिटवायला तयार असेल, तर आरोपी निर्दोष सुटतो. आम्ही तिघं अक्काकडं गेलो.

"सिलिंडर आला," अक्का म्हणाली, "पन रिकामा दिल्याबिगर भरलेला मिळंना. चार दिस चूल फुकून माझं डोळं गेलं, त्याचं काय?"

मल्लू खाली बघत म्हणाला, "चुकलं अक्का. लई रागात होतो."

"आत्ता निघालं व्हय तोंडातनं! कुटं करायची सही?"

पुढच्या तारखेला केस मिटली. मल्लू बसवर लागला.

मला मॅडमनी कोर्टाच्या जिन्यातच धरलं. "क्लायंटला पहिला प्रश्न काय विचारतोस रे?"

"चोरी केलीस का?"

"गाढवा, नव्या कायद्यात शिक्षा हलकी झाली, डाग तेवढाच राहिलाय. आधी विचारायचं, पोटाला काय करतोस!"