आंब्याचं आळं
रस्त्याकडेच्या झाडाची पानं कडेने करपलेली दिसली, की अजूनही माझा घसा कोरडा पडतो. रत्नागिरीत मोटारी नव्याने धावू लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. लग्न होऊन मी लांज्याहून खाडीकाठच्या वाडीत आले. विहिरीचं पाणी मचूळ लागतं म्हटलं, तर सासूबाई हसल्या, "माहेरचं पाणी सगळ्यांनाच गोड लागतं गो!" दारासमोर रस्त्याकडेला लावलेल्या कोवळ्या आंब्याला तेच पाणी मी घालायचे. चैत्रात त्याची पानं कडेने करपू लागली. "ऊन लागलंय त्याला, आणखी दोन घागरी ओत," त्या म्हणाल्या. मी ओतल्या, तशी पानं देठापर्यंत जळत गेली. वैशाख लागला, तेव्हा मला दिवस गेले होते. एका सकाळी बुंध्याभोवतीच्या आळ्यातली माती सुकून पांढरी पडलेली दिसली. सासूबाईंनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली, "मीठ आहे गो हे! खाडी विहिरीत शिरलीय." मग घरात येऊन त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि भरलेला हंडा मोरीत उपडा केला. "आता प्यायचं काय?" मी विचारलं. वाडीत दुसरी विहीर नव्हती आणि पाऊस अजून लांब होता. आज माझ्या घरात नळ आहे, तरी पहिला घोट मी त्याच पाण्यावर वाढणाऱ्या दारातल्या झाडाची पानं बघूनच घेते.