उपाशीपोटी चाखायचं पाणी

पालघर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला एडवण सांगितलं तर तो म्हणाला, "बीचवर ना?" मी म्हटलं, "नाही बाबा, जेवायला." खोटं नव्हतं ते. जयवंत हा माझ्या भावाचा बोईसरच्या कारखान्यातला जुना सोबती. त्याच्या बायकोच्या, कुंदाच्या, हातच्या कालवणाची कौतुकं भावाच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. गाव जवळ आलं तसे दोन्ही बाजूंना माड लागले, मग वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. कालवण पापलेटाचं होतं आणि भाऊ खोटारडा नाही हे सिद्ध झालं. दोनदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा लाजले.

सकाळी जयवंत म्हणाला, "ताईंना सुकट दे गं." कुंदा "आज?" म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तरी तिने तांदळाची भाकरी आणि कांद्यावर परतलेली सुकट (वाळवलेला जवळा) वाढली. मी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

"चला आता, पाणी चाखायला," जयवंत म्हणाला.

वाटेत त्याने सगळं समजावलं. इथे पाच वाड्या (बागायती) शेजारी शेजारी आहेत, पलीकडे समुद्र. उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारी पाळीने चालतात. तरी उपसा जास्त झाला की समुद्र जमिनीखालून आत सरकतो आणि सगळ्यात आधी हेमाच्या विहिरीत येतो, कारण तिची वाडी किनाऱ्याला लागून. तिची पानवेल. खारं पाणी लागलं की वेल गेलाच. म्हणून तिची विहीर मचूळ (किंचित खारट) झाली की पाचही मोटारी बंद. आणि ते ठरवायचं कोणी? गावात आलेल्या पाहुण्याने.

"आमची जीभ ज्याच्या त्याच्या वाडीकडं वळते," जयवंत म्हणाला. "पाहुण्याची सरळ असते."

त्या दिवशी मोटारीची पाळी त्याचीच होती, आणि त्याच्या मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या.

विहिरीवर पाचही घरची माणसं जमली होती. हेमाने लोटी माझ्या हातात दिली. "नीट चाखा ताई. वेल यंदाच नवा लावलाय."

मी घोट घेतला. "गोड आहे की."

जयवंतचा चेहरा खुलला. हेमाने वेलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्याहारीला काय खाल्लंत?"

"सुकट."

एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळ्यांनाच हसू फुटलं. जयवंत कान खाजवत म्हणाला, "पाहुण्याला उपाशी ठेवू काय?"

"घरात गूळ होता," कुंदा म्हणाली.

मी मात्र हसले नाही. खारट सुकटीवर मचूळ पाणीही गोडच लागणार, हे आता माझ्या लक्षात आलं. मला चांगलाच राग आला होता. जिभेचे चोचले पुरवून माणूस माझ्याकडून खोटी साक्ष काढतो म्हणजे काय? म्हातारीने मला शहाळं दिलं आणि घटकाभर वेलाच्या सावलीत बसवलं. जयवंत शेजारी येऊन टेकला. हळूच म्हणाला, "चुकलं माझं. पण मिरची मेली तर वर्ष गेलं, ताई."

राग तिथेच विरघळला आणि काम आणखी अवघड झालं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी दुसरा घोट घेतला. आधी काही कळलं नाही, मग घशाशी खारट चव रेंगाळली.

"जयवंत, मचूळ आहे रे."

तो उठला, वाडीत गेला, मोटारीचा फ्यूज काढून आणला आणि हेमाच्या हातात ठेवला. मागोमाग बाकीच्यांनीही. पाणी गोड होईपर्यंत सगळ्यांचे फ्यूज तिच्याच डब्यात राहायचे.

दुपारी कुंदाने प्रेमाने वाढलं, पण मी दुसऱ्यांदा काही वाढून घेतलं नाही. ऊन कललं तेव्हा दारात हेमा उभी, कमरेवर कळशी. "हाताने शेंदायला मनाई नाय," ती जयवंतला म्हणाली. "मिरची कुठाय?" मागून बाकीची घरंही आली. समुद्रापासून सगळ्यात लांबच्या विहिरीवरून कळश्या भरून येऊ लागल्या. मीही पदर खोचला. तिसऱ्या बादलीला पाय घसरला आणि चिखलात बसले. म्हातारी म्हणाली, "पाहुणीनं सोताला पण शिंपलं." हेमा तेव्हा पहिल्यांदा हसली.

निघताना तिने पानांची जुडी दिली. नाशिकला घरी आले तर सोसायटीत टँकरवरून भांडण चालू होतं. एवढी वर्षं मी इथे राहते, पण आमच्यात सगळ्यात आधी कोणाचा नळ कोरडा पडतो हे मला सांगता आलं नसतं. लाज वाटली.

काही दिवसांनी कुंदाचा फोन आला.

"मिरची उभी राहिली, ताई."

"आणि वेल?"

"नवीन पान फुटलंय."

"मग फ्यूज मिळाले परत?"

"कुठले? पाणी गोड झालंसं आमाला सगळ्यांना वाटतंय. पण पाहुणा नाय ना कोणाकडं. तुमी कधी येता?"

मागून जयवंत ओरडला, "सुकट दुपारी देणार म्हणावं."

त्या संध्याकाळी मी अळणी भात खाल्ला आणि बॅग भरली.