काकूंची वाटी
ती स्टीलची वाटी हाती आली की भांडुपची खोली आठवते. मी पदवीधर झालो तेव्हा शेजारच्या काकूंनी तिच्यातून शिरा दिला होता. परीक्षेच्या दिवसांत माझा चहाही त्यांच्याकडचाच. निकाल ऐकून गावाहून आलेल्या आईने मिठात मुरवून आणलेलं म्हशीचं मांस मंद आचेवर तीन तास शिजवलं, बोटाने तुटेल इतकं मऊ. गावी आमच्या वस्तीत सगळेच ते खायचे आणि शेजारणीची वाटी रिकामी परत जात नसे, म्हणून आईने सगळ्यांत आधी तीच भरली. "मटण ना?" काकूंनी हसत विचारलं. "नाही ताई, म्हशीचं," आई कौतुकाने म्हणाली. काकूंनी वाटी उंबऱ्यावर ठेवली. "राहू दे तुमच्याकडेच," म्हणाल्या आणि दार लावलं. संध्याकाळी घरमालकाने मला गल्लीत गाठून महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. जेवताना आईने विचारलं, "खारवलेलं म्हणून नको म्हणाल्या का रे त्या? मीठ जास्त झालं होतं का?" मी ताटाकडे बघत म्हणालो, "हो, जरासं." त्यानंतर आई शेवटपर्यंत प्रत्येक भाजीत मीठ कमीच घालत राहिली, मी ते आळणी जेवण जेवत राहिलो, आणि तिला खरं कधीच सांगितलं नाही.