वाटा नसलेला माणूस

मारोतरावांना माणसांची भीती वाटायला लागली ती वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. त्याआधी साप, वीज आणि बायको इंदूबाई, एवढ्यांनाच ते भीत. त्यांचं गाव ढाणकीपासून फार लांब नाही. नाव घेत नाही, कारण यातली सगळी माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना रोज एकमेकांना तोंड दाखवावं लागतं.

घरची आठ एकर जमीन. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. विसाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली ती घातलीच. कांदा-लसूण सुटला, चहा मात्र सुटला नाही. दत्तजयंतीच्या सप्त्यात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, आळीपाळीने गळ्यात घेऊन उभं राहायचं असतं. त्यातला पहिला पहारा बावीस वर्षं मारोतरावांचा. माणसाला मिरवायला काहीतरी एक लागतं. कुणाला ट्रॅक्टर लागतो, कुणाला इंजिनीअर जावई. यांना तो पहिला पहारा पुरत होता.

आता गंमत अशी, की हाच माणूस दरवर्षी मटणाच्या वाट्यांमध्ये मांडी घालून बसायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावातले खाणारे आणि शेजारचा बंजाऱ्यांचा तांडा मिळून दोन-तीन बकरे कापत. नाल्याकाठच्या निंबाखाली पळसाच्या पानांवर वाटे पडत, जितकी घरं तितके. डोळ्यांना सारखे दिसले तरी एकात नळी जास्त, एकात नुसती चरबी. म्हणून प्रत्येक जण आपली खूण टोपीत टाकी. कुणी काडी, कुणी सदऱ्याचं बटण, कुणी खडा, कुणी तुरीचा दाणा. मग कुणाची खूण कोणती हे ठाऊक नसलेल्या माणसाला बोलवायचं आणि त्याने एकेका वाट्यावर एकेक खूण ठेवायची. जिथं आपली खूण, तो आपला वाटा, पुढे तक्रार नाही. वाटे पाडणाऱ्या तांड्यातल्या गुलाबसिंगालाही आपल्या पदरात काय पडणार हे कळत नसे, त्यामुळे त्याचा सुरा फार इमानदारीने चाले.

खुणा ठेवायला असा माणूस लागे, ज्याला त्यातलं काही खायचं नाही. तांड्याचे नायक डोंगरसिंग यांनी तीस वर्षांपूर्वी रस्त्याने जाणाऱ्या मारोतरावांना हाक मारली. "या मारोतराव. तुमचा वाटा नाही, म्हणून तुमीच पाह्यजे." त्या पहिल्या वर्षी त्यांना वासाने मळमळलं. घरी आले तर इंदूबाईंनी अंगणातच दोन बादल्या अंगावर ओतल्या आणि कपडे दाराबाहेर काढायला लावले. तेव्हापासून रीतच पडली. खुणा ठेवायच्या, अंगणात आंघोळ करायची, मग देवापुढे दिवा. बकरं कापणं पाप आहे असं मारोतरावांना तेव्हाही वाटे, आजही वाटतं. पण दुसऱ्याच्या ताटात आपण हात घालू नये, असंही वाटे. ही दोन्ही मतं एकाच डोक्यात तीस वर्षं गुण्यागोविंदाने नांदली.

यंदा कुणीतरी फोटो काढला.

फोटोत मारोतराव, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, समोर पानांवर लाल वाटे आणि चिमटीत कुणाचं तरी बटण. गावाच्या ग्रुपवर तो पडला, खाली ओळ होती: 'हे आपल्या सप्त्याचे पहिले मानकरी.' मारोतरावांकडे साधा बटणांचा फोन. त्यांना फोटो दाखवला तो पिंटूने, घरी येऊन, चहा पिता पिता. पिंटू त्यांच्या चुलतभावाचा मुलगा, ढाणकीला कृषी केंद्रात कामाला, आणि गेल्याच वर्षी माळ घातलेला.

"काकाजी, दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घेऊन राह्यलो," तो म्हणाला. "गावाच्या हद्दीत, तांडा धरून, कुठंच बकरं कापायचं नाही. करीले नाही अन् त्यायच्या देवीले बी नाही. ठराव तुमी मांडायचा."

"मी काहून?"

"तुमच्यावर डाग लागला नं. तो असाच धुतल्या जाते. सगळ्यात आधी तुमचा हात वर दिसला पाह्यजे. नाही तं मंडळी म्हणून राह्यली का वीणा यायच्या गळ्यात घालायची नाही, मंदिराची पायरी बी चढू द्यायची नाही. पोट्टे गरम हायेत, काकाजी. मग मले काही म्हणू नका."

आवाज चढवला असता तर मारोतरावांनी त्याला चार शब्द सुनावले असते. पण पिंटू हळू बोलला, कपबशी स्वतः उचलून मोरीत ठेवली आणि पाया पडून गेला. त्या पाया पडण्यालाच मारोतराव जास्त घाबरले.

ठरावाला हात वर करू म्हणणाऱ्यांतले निम्मे शनिवारी ढाणकीच्या ढाब्यावर रस्सा ओरपताना दिसत. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. भीती अशीच काम करते. ती माणसाला खोटं बोलायला लावत नाही, नुसतं गप्प बसवते.

मारोतराव गिरणीवर गेले की तिथल्या गप्पा बंद पडायच्या. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. एकदा भर दुपारी ते शेताकडे निघाले असताना मागे मोटरसायकल आली. हॉर्न नाही, पुढेही जात नाही, त्यांच्या चालीने मागे मागे. दोन्ही बाजूंना कमरेएवढी कपाशी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ते बाजूला उभे राहिले, तर गाडीही थांबली. तोंडाला रुमाल बांधलेली दोन पोरं. चेहरे दिसत नव्हते, पण गाडी त्यांना ओळखू आली. तिच्या पूजेला नारळ त्यांनीच फोडला होता. पोरं काही बोलली नाहीत. मारोतरावांनी खाली पाहून धोतराचा सोगा उगाच नीट केला, पुन्हा चालायला लागले, आणि शेतात पोचल्यावर बांधावर बसले ते कितीतरी वेळ उठू शकले नाहीत.

तिथंच दुसऱ्या दिवशी डोंगरसिंग आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, बांधाबांधाने लपत आल्यासारखा आला, हे मारोतरावांना फार लागलं.

"हात वर करून टाका," डोंगरसिंग उभ्याउभ्याच म्हणाले. "आमी पाहून घेऊ आमचं. देवीले बकऱ्याऐवजी नारळावर समजावू. तुमी आमच्यासाठी मार खाऊ नका."

सुटका अशी पायाने चालत आली होती. नुसती मान हलवायची होती. मारोतरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"तुमची देवी नारळावर मानन?" त्यांनी विचारलं.

डोंगरसिंग आता बांधावर टेकले. "आजवर तं मानली नाही," ते म्हणाले. "पण आमची घरं बावीस. तुमची तीनशे. काय करता?"

मारोतरावांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर सभेच्या सकाळपर्यंत त्यांचा निर्णय झालेला नव्हता. इंदूबाईंशी ते या विषयावर बोललेच नाहीत. त्या काय म्हणतील हे त्यांना ठाऊक होतं, आणि घरातही एकटं पडायची त्यांची तयारी नव्हती.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. एरवी पंधरा माणसं जमवता जमवता शिपायाची दमछाक होते, त्या दिवशी बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत. सरपंचबाई खुर्चीवर आणि त्यांच्या वतीने बोलायला त्यांचे यजमान, हे नेहमीचंच. तांड्याची माणसं मागे भिंतीला टेकून उभी. बाया एका बाजूला, त्यांत पुढेच इंदूबाई. ग्रामसेवकांनी ठराव वाचला, असा ठराव वरती टिकेल की नाही सांगता येत नाही असं पुटपुटले आणि घाम पुसला. पिंटूने मागे वळून मारोतरावांना खूण केली.

ते उठले. आधाराला पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या माणसाने खांदा हळूच काढून घेतला.

"मले बकरं कापणं पसंत नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हतं."

टाळ्या पडल्या. इथंच खाली बसले असते तर सगळं निभावलं असतं.

"पण लिहायच्या आधी टोपी फिरवा," ते म्हणाले. "सगळ्यायनं आपली आपली खूण टाका. समजा, उद्या सकाळी कोण तांड्यात उठन अन् कोण माळकऱ्याच्या घरी उठन, कोणालेच माहीत नाही. कोणाची खूण कोणत्या घरावर पडन, माहीत नाही. त्या वक्ताले जो ठराव तुमाले कबूल होईन, तो लिहा. त्याले माहा पह्यला हात." त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं, ते आठवेना.

मग मागून एक पोरगा ओरडला, "काकाजीले वाट्याचा वास लागला हो!" हसण्याची लाट आली आणि ती गेली तेव्हा पिंटू शांतपणे म्हणत होता, "बसा काकाजी. ज्यायले ठराव मंजूर, त्यायनं हात वर करा."

हात वर गेले. रांगाच्या रांगा. काही हात आधी शेजारी पाहून मग वर गेले. ढाब्यावरचेही गेले. मारोतरावांनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, कारण त्यांचा उजवा हात आपोआप वर जाईल अशी त्यांना खरोखरच भीती वाटत होती. त्यांनी बायांच्या बाजूला पाहिलं. इंदूबाईंचा हात वर होता. सरळ, कोपरात न वाकलेला.

तीन-चार पोरं पुढे आली आणि खाली बसलेल्या मारोतरावांचे फोटो काढून गेली.

घरी पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. इंदूबाई आधीच आल्या होत्या, ताट वाढत होत्या. मारोतराव पाटावर बसले, पण घास उचलेना.

"तुहा हात वर होता," ते म्हणाले.

"होता. मले पाहावत नाही ते मुकं जनावर. तीस वर्षं तुमचे कपडे दाराबाहेर धुतले, तवा हसत नव्हती धूत." त्यांनी वरण वाढलं. "तुमचं चुकलंच. मी तोंडावर सांगते."

मारोतरावांनी मान खाली घातली.

"रस्त्यात पिंटू भेटला," इंदूबाई म्हणाल्या. "म्हणे काकू, सप्त्याचा सैपाक तुमच्याच हाती, तुमी या. काकाजीले तेवढं घरी ठेवा."

"मग?"

"मग काय? म्हटलं, बापू, माहा हात तुह्या ठरावाले होता. माह्या माणसाले गावातून काढाले नव्हता. ते नाही तं मी नाही. अन् माह्यासंगं कोण कोण बाया नाही येत, ते बी मोजून ठेव."

मारोतराव काही बोलणार तोच बाहेर मोटरसायकलचा आवाज आला. एक नाही, दोन-तीन. कुंपणाशी येऊन त्या थांबल्या, पण इंजिनं बंद झाली नाहीत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इंदूबाई उठल्या, दाराशी गेल्या आणि कडी घालू लागल्या. कडी कोयंड्यात पहिल्यांदा बसलीच नाही. दुसऱ्यांदा बसली. त्या घराला दिवसाढवळ्या कडी कधी लागली नव्हती.

मग त्या परत आल्या, आपलं ताट घेतलं आणि रोज समोर बसत, त्याऐवजी त्यांच्या शेजारी, दाराकडच्या बाजूला बसल्या.

"जेवा," त्या म्हणाल्या. "थंडं होऊन राह्यलं."